'पितंय की!' म्हणजे नक्की काय?

मंडळी, या शनिवारी जरा वेगळा विषय. बिनलग्नाच्या दोस्तांनी लगेच पळ काढू नये, शेवटी गोष्ट डेटाचीच निघणार आहे. :)

लहान बाळ घेऊन दवाखान्यात गेलं की एक प्रश्न हमखास येतो. "दूध पितंय ना?" आमच्या कुर्डुवाडीकडे त्याचं उत्तरही ठरलेलं आहे. "पितंय की!" झालं. केसपेपरवर एक शब्द पडतो, नाहीतर छापील चौकोनात बरोबरची खूण होते आणि पुढचा पेशंट आत येतो. काय पितं, कधीपासून, किती वेळा, कशाने, आणि मुख्य म्हणजे कालच्यापेक्षा आज कमी की जास्त, यातलं काहीच कागदावर येत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवर अख्खा लेख कशाला? तर नवजात बाळ हा असा पेशंट आहे की ज्याला ताप आलाय, गळून गेल्यासारखं वाटतंय, यातलं काहीही सांगता येत नाही. रडणं आणि पिणं एवढ्या दोनच गोष्टींतून ते बोलतं. या दोन गोष्टींवर नीट लक्ष ठेवल्यामुळे आपल्याच महाराष्ट्रात बाळं वाचलेली आहेत. कुठं आणि कशी ते पुढे येईलच. आधी शंभर वर्षं मागे जाऊ या.

साल १९२१. मुंबईत गिरण्यांची भरभराट होती आणि कोकणातून, घाटावरून आलेल्या हजारो बायका त्यांत राबत होत्या. त्या वर्षी मुंबईत दर हजार जन्मांमागे सहाशेच्या वर बाळं वर्षाच्या आत दगावल्याची सरकारी नोंद आहे. हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. बऱ्याच बायका बाळंतपणाला गावी जायच्या. त्यामुळे जन्म गावात मोजला जायचा आणि मृत्यू मुंबईत, म्हणजे भागाकारातला छेदच लहान. पण ही सूट देऊनही चित्र भयंकरच होतं.

मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने तेव्हा डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या डॉक्टरीणबाईंना गिरणीतल्या बायकांची आणि बाळंतपणांची पाहणी करायला नेमलं. त्यांचा अहवाल १९२२ चा. त्यात त्यांनी लिहून ठेवलंय की या कामगार बायकांच्या ९८ टक्के बाळांना अफू दिली जाते. हीच ती बाळगोळी. आई दिवसभर गिरणीत, बाळ खोलीत, ते निपचित पडून राहावं म्हणून गोळी. अफूने गुंगलेलं बाळ रडत नाही, आणि दूधही मागत नाही.

आता असं समजा की यातलंच एखादं बाळ हॉस्पिटलात आलं आणि आईला एवढंच विचारलं, "दूध पाजतेस ना?" ती म्हणणार, "पाजते की." आणि ते खोटंही नसणार. कामावर जायच्या आधी पाजलं, आल्यावर पाजलं. गोळीचा विषय निघणारच नाही, कारण गोळी म्हणजे काही दूध नव्हे. दिवसभरात बाळाच्या तोंडात काय काय गेलं, हा प्रश्न कुणीतरी वेगळा विचारला म्हणून ते ९८ टक्के आज आपल्याला माहीत आहेत. पुढे १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं, डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले, आणि १९२९ साली मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. अशा पाहण्यांतून जमलेली माहिती त्या चर्चेच्या मागे होती.

साधारण याच काळात जगभरच्या हॉस्पिटलांत बाळाच्या दुधात घड्याळ शिरलं. न्यूझीलंडचे डॉ. ट्रूबी किंग यांनी १९०७ साली प्लंकेट सोसायटी काढली. बाळाला ठरावीक तासांनीच पाजायचं, रडलं म्हणून उचलायचं नाही, अशी त्यांची शिस्त. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत ती फार पसरली. प्रसूतिगृहांमध्ये आई एका वॉर्डात आणि बाळं दुसऱ्या खोलीत ओळीने ठेवायची पद्धतही रूढ झाली. अशा व्यवस्थेत तक्ता भरणं सोपं असतं. किती वाजता, किती औंस. अडचण एकच, अंगावरचं दूध औंसात मोजता येत नाही. (पाजायच्या आधी आणि नंतर बाळाचं वजन करून अंदाज काढता येतो, पण दर वेळी ते कोण करत बसणार?) म्हणजे बाटलीतल्या दुधाची नोंद तपशीलवार आणि आईच्या दुधाची नोंद नुसती बरोबरची खूण. जे मोजता येतं ते लिहिलं जातं आणि जे लिहिलं जातं तेच खरं वाटायला लागतं. आपल्या ऑफिसातल्या टाइमशीटचंही हेच होतं, नाही का?

मग उलटी लाट आली. पावडरच्या दुधाच्या जाहिरातींविरुद्ध जगभर आरडाओरड झाली. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या धंद्यासाठी आचारसंहिता मंजूर केली. विरोधात फक्त एक मत पडलं, अमेरिकेचं. १९८९ साली प्रसूतिगृहांसाठी 'दहा पायऱ्या' जाहीर झाल्या. जन्मल्यावर लवकरात लवकर छातीशी घ्या, आई आणि बाळ चोवीस तास एकत्र ठेवा, घड्याळ बघून नाही तर बाळ मागेल तेव्हा पाजा, आणि वैद्यकीय कारण असल्याशिवाय वरचं काही देऊ नका.

या लाटेत महाराष्ट्र चांगलाच पुढे होता. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. ती आशियातली पहिली समजली जाते. ३ डिसेंबर १९९१ ला वर्ध्यात स्तनपानाच्या प्रसारासाठी बीपीएनआय ही देशपातळीवरची संस्था स्थापन झाली. १९९२ साली संसदेने बाळाच्या दुधाच्या पर्यायांवर, बाटल्यांवर नियंत्रण आणणारा कायदा केला आणि २००३ साली तो आणखी कडक केला. आज टीव्हीवर दोन वर्षांच्या आतल्या बाळांच्या पावडरची जाहिरात दिसत नाही ती यामुळे.

दुग्धपेढीचं मला एक फार आवडतं. दुसऱ्या आईचं दूध बाळाला द्यायचं, म्हणजे दात्या आईची तपासणी, साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास पाश्चरायझेशन, जंतूंची चाचणी, प्रत्येक बाटलीवर लेबल. बाटलीमागे सगळा इतिहास. आणि शेजारच्याच खाटेवर स्वतःच्या आईचं दूध पिणाऱ्या बाळाची नोंद काय? 'पितंय.'

असो. तर या चळवळीने फार मोठं काम केलं यात शंका नाही. पण तिच्या यशातून नोंदीपुढे एक नवी अडचण उभी राहिली. 'फक्त आईचं दूध' हे बरोबर उत्तर ठरलं. एकदा एखाद्या प्रश्नाला बरोबर उत्तर असलं, की लोक ते देतात. आई देते, कारण नाहीतर बोलणी बसतात. सिस्टर देतात, कारण वॉर्डाची टक्केवारी वर पाठवायची असते. सॉफ्टवेअर तर विचारायच्या आधीच देतं. हॉस्पिटलच्या एका सिस्टिममध्ये मी स्वतः बघितलंय, आहाराचा ड्रॉपडाऊन उघडला की 'फक्त स्तनपान' आधीच निवडलेलं, आणि फील्ड भरल्याशिवाय डिस्चार्ज निघत नाही. आता गर्दीच्या ड्युटीत कोण ते बदलणार? रिपोर्ट शंभर टक्के हिरवा!

यात धोका आहे, आणि तो खरा आहे. कधी कधी बाळ तासन् तास अंगावर असतं पण त्याच्या पोटात दूध पुरेसं जात नाही. पकड नीट बसलेली नसते किंवा दूध उतरलेलं नसतं. वजन घटत जातं, लघवी कमी होते, रक्तातलं सोडियम वाढतं. अशा बाळाच्या कागदावर 'फक्त आईचं दूध' ही खूण अगदी खरी असते, आणि तिचा काडीचा उपयोग नसतो.

दुसरी अडचण आपल्या भाषेची. घरात 'दूध' या शब्दाचा अर्थ मर्यादित आहे. "वरचं दूध देता का?" असं विचारलं तर आई "नाही" म्हणते आणि खरंच सांगते. कारण गुटी म्हणजे दूध नव्हे. ग्राइप वॉटर म्हणजे औषध. जन्मल्यावर आजीने बोटाने चाटवलेला मध म्हणजे संस्कार. उन्हाळ्यात घसा ओला करायला दिलेलं चमचाभर पाणी तर कुणाच्या हिशेबातच नाही. 'बाळकडू' हा शब्द आपण राजकारणाचं, संगीताचं बाळकडू मिळालं असा कौतुकाने वापरतो, इतकं ते आपल्या अंगात मुरलेलं आहे. मग ते कुणाला आहारात सांगायचं असतं हे सुचणार कसं? डॉक्टरांच्या लेखी मात्र यातला प्रत्येक थेंब मोजला जातो. मध तर वर्षाच्या आत देऊच नये असं सांगतात, त्यातून क्वचित का होईना, बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. म्हणजे प्रश्नाचे तुकडे करूनच विचारावं लागतं. पाणी दिलं का? मध? गुटी? साखरपाणी? गाईचं, म्हशीचं? पावडर असेल तर डबा किती दिवस पुरतो? (हा शेवटचा प्रश्न झकास आहे. डबा जास्त दिवस पुरत असेल तर दूध पातळ होतंय हे कुणालाही न दुखवता कळतं.)

आपलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण असे तुकडे करून विचारतं. त्याच्या २०१९-२१ च्या पाहणीत सहा महिन्यांच्या आतल्या, फक्त आईचं दूध पिणाऱ्या बाळांचं प्रमाण देशात ६३.७ टक्के आलं. त्याआधीच्या फेरीत, २०१५-१६ ला, ते ५४.९ होतं. चांगली वाढ आहे. पण हा आकडा कशाचा ते बघा. तिथे प्रश्न कालच्या दिवसरात्रीचा असतो. काल बाळाला यातलं काय काय दिलं? म्हणजे ज्या बाळाला जन्मल्यावर मध चाटवला, मग आठ दिवस पावडर दिली आणि काल फक्त अंगावर पाजलं, ते त्या ६३.७ मध्ये बसलं. इतक्या मोठ्या पाहणीसाठी ही पद्धत योग्यच आहे, कारण महिन्यांपूर्वीचं कुणाला नेमकं आठवत नाही. पण ती बाळाची हिस्टरी नव्हे, तो कालच्या दिवसाचा स्क्रीनशॉट आहे.

फरक किती पडतो? स्वीडनमधल्या उप्साला इथल्या संशोधकांनी ५०६ आयांना रोजच्या रोज नोंदी ठेवायला सांगितल्या. २००० साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा: दोन महिन्यांच्या बाळांत चोवीस तासांच्या हिशेबाने 'फक्त आईचं दूध' ९२ टक्के, आणि जन्मापासूनच्या हिशेबाने ५१ टक्के. चार महिन्यांना ७३ आणि ३०. त्याच आया, तीच बाळं, फक्त प्रश्न वेगळा! डेटाबेसवाल्यांना वेगळं सांगायला नको. स्टेटस नावाचा एक कॉलम ठेवला आणि दर वेळी त्यावर नवीन व्हॅल्यू लिहिली, तर आधीचं सगळं पुसलं जातं. लॉग ठेवला तर राहतं.

आता येऊ गडचिरोलीला, जिथे हे आधीचं न पुसणं जीव वाचवून गेलं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ ते ९८ या काळात घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायचा प्रयोग केला. ३९ गावांत प्रयोग, ४७ गावं तुलनेसाठी. गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका आरोग्यदूत म्हणून तयार केल्या. त्या पहिल्या महिन्यात बाळाकडे पुन्हा पुन्हा जायच्या, बघायच्या, वजन करायच्या, छापील फॉर्मवर लिहायच्या. नवजात बाळाचा मोठा शत्रू म्हणजे जंतुसंसर्ग, सेप्सिस. तो ओळखायला शहरात रक्ताच्या तपासण्या लागतात, तिथे लॅब कुठली? त्यांनी साध्या डोळ्यांना दिसणारी लक्षणं ठरवली आणि त्यातली दोन एकत्र दिसली की सेप्सिस धरून उपचार सुरू. त्यातली दोन लक्षणं अशी: आधी नीट रडणारं बाळ आता क्षीण रडतंय किंवा रडत नाही, आणि आधी नीट ओढणारं बाळ आता कमी ओढतंय किंवा ओढतच नाही.

यातला 'आधी' हा शब्द बघा. सगळी गंमत तिथे आहे. 'बाळ कमी पितंय' ही नुसती अवस्था आहे. कमी दिवसांचं बाळ पहिल्यापासूनच हळू पितं. 'आधी नीट पीत होतं आणि आता नाही' हा बदल आहे, आणि बदल कळायला दोन नोंदी लागतात. एका नोंदीतून डिफ निघत नाही. आरोग्यदूताने बाळाला तिसऱ्या दिवशी बघितलेलं असायचं, म्हणून सातव्या दिवशीचा फरक तिला दिसायचा.

निकाल डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. आधी सेप्सिस झालेल्या बाळांपैकी १६.६ टक्के दगावत होती, आरोग्यदूतांच्या उपचारांनंतर २.८ टक्के. त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. हे नुसत्या नोंदीमुळे नाही झालं. इंजेक्शन होतं, ऊब होती, आयांना शिकवणं होतं. पण इंजेक्शन कुणाला द्यायचं हे ठरत होतं त्या 'आधी' आणि 'आता' मधल्या फरकावरून.

पुढे २००८ मध्ये भारतासह सहा देशांत ८,८८९ तान्ह्या बाळांचा अभ्यास छापून आला. दवाखान्यात आलेलं बाळ गंभीर आहे का हे ओळखायला त्यात सात खुणा निघाल्या. पाच तपासून कळतात, दोन मात्र आईला विचाराव्याच लागतात. एक म्हणजे झटके आले का, आणि दुसरी म्हणजे पिण्यात अडचण येतेय का. २०११ पासून आशाताई देशभर घरी जाऊन नवजात बाळं बघतात, ती याच गडचिरोलीची वाट आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी.

मग अडलं कुठं? ते सांगायला आमच्या गावाची रेल्वे उपयोगी पडेल.

कुर्डुवाडी हे मुंबई–सोलापूर लाइनवरचं जंक्शन. १८९७ साली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियरच्या बार्शी लाइट रेल्वेने इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले. (तेव्हा आमच्या स्टेशनचं नाव बार्शी रोड.) मेन लाइनचे रूळ साडेपाच फुटी. म्हणजे बार्शीकडचा माल छोट्या गाडीतून इथे येणार, उतरणार, हमालांच्या पाठीवरून मोठ्या गाडीत चढणार. सांडायचा, फुटायचा, हरवायचा धोका सगळ्यात जास्त इथेच. दोन्ही गाड्या उत्तम असल्या तरी गेज बदलताना नुकसान. पुढे ती छोटी लाइन पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली आणि २००० नंतर एकेक टप्पा ब्रॉडगेज होत संपली.

बाळाच्या माहितीचा गेज मात्र अजून बदलतोच आहे. गडचिरोलीत तीच बाई तेच बाळ परत परत बघत होती. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, समजा कुर्डुवाडीत. थोडं काही वाटलं तर बार्शी, जास्त वाटलं तर सोलापूर. तीन महिन्यांनी आई-बाळ पुण्याला सासरी, तिथे चौथे डॉक्टर. प्रत्येक ठिकाणी नवीन केसपेपर, नवीन फाइल, आणि पुन्हा पहिल्यापासून, "दूध पितंय ना?" निदानं, औषधं, लशी कागदावर असतात म्हणून पुढे जातात. पिण्याचा इतिहास फक्त आईच्या डोक्यात असतो, आणि रात्री दोन वाजता घाबरलेल्या, न झोपलेल्या आईला तो तारीखवार आठवेल ही अपेक्षा चुकीची आहे.

यावर मोठं अॅप वगैरे बांधायची गरज मला वाटत नाही. (हे वाक्य मी लिहितोय, नोंद घ्यावी. :)) हॉस्पिटलांच्या फॉर्मवर एका चौकोनाऐवजी चार ओळी हव्यात. जन्मल्यावर पहिलं तोंडात काय गेलं आणि कधी. तेव्हापासून काय काय दिलं, वेगवेगळं विचारून. गेल्या चोवीस तासांत किती वेळा प्यायलं आणि लघवी किती वेळा. आणि चौथी ओळ: आधीपेक्षा काही बदललं का, कधीपासून. वरचं दूध दिलं असेल तर कारणही लिहावं, पण ते गुन्हा नोंदवल्यासारखं नको. ज्या उत्तराला ओरडा बसतो ते उत्तर परत खरं मिळत नाही.

आणि जोवर असे फॉर्म येत नाहीत तोवर, ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांच्यासाठी एक साधी वही. साधारणपणे तान्हं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं, पहिल्या आठवड्याच्या शेवटापर्यंत दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी करतं, आणि सुरुवातीला घटलेलं वजन दोनेक आठवड्यांत भरून काढतं. रोज दोन ओळी पुरेत. लिहायचं काम बाबांनी करावं, आईला तेवढीच झोप मिळेल. आणि नीट पिणारं बाळ अचानक प्यायचं कमी झालं तर वहीत लिहून थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. जाताना वही बरोबर घ्या, आणि "पितंय ना?" असं विचारलं की ती पुढे करा.

चला, पुढच्या शनिवारी भेटू.